भाऊ दुबईत, व्हिजिट संपायला ९ दिवस, एजंट म्हणतो बॉर्डर ओलांडून परत ये

हर्णैची_लेक

नमस्कार. इथे वाचत असते पण लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ, वय २४, आयटीआय करून एसी-फ्रिजचं काम शिकलाय, फेब्रुवारीत दुबईला गेला ६० दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर. तालुक्याच्या गावातल्या एका एजंटला ९० हजार दिले, त्यात तिकीट, व्हिसा आणि पहिल्या महिन्याची बेड स्पेस, म्हणजे भाड्याच्या खोलीतला एक बेड. आईच्या पाटल्या पतपेढीत आहेत. बाबा बोटीवर खलाशी, त्यांचं वय झालंय, आता पूर्वीसारखं आठ आठ दिवस समुद्रात जाववत नाही त्यांना.

आता व्हिसाचे ९ दिवस राहिलेत. पोरगा रोज सीव्ही घेऊन फिरतो, पायाला फोड आलेत म्हणतो. मागच्या आठवड्यात एका कंपनीच्या सुपरवायझरने इंटरव्ह्यू घेतला, १८०० दिरहम पगार सांगितला, सिलेक्ट झालास म्हणाला. पण वर असंही म्हणाला की तुझा व्हिजिट संपतोय तर आधी बाहेर जाऊन नवीन व्हिजिट घेऊन ये, मग आम्ही कामाचा व्हिसा काढतो, तोपर्यंत साइटवर यायला लाग म्हणजे हात बसेल.

एजंटला विचारलं तर तो म्हणतो दोन मार्ग. एक बसने ओमानला जायचं, दोन रात्री हॉटेलात, नवीन व्हिसा आला की परत. दुसरा ए टू ए, म्हणजे विमानाने शेजारच्या देशात जायचं, विमानतळावरच बसून राहायचं, व्हिसा मेलवर आला की त्याच दिवशी मागे. बसचे १४०० दिरहम सांगितलेत, म्हणजे आपले साधारण ३३-३४ हजार. मी बचत गटातून उचलू शकते तेवढे, पण एकदा उचलले की वर्षभर फेडायचे.

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. असं नुसतं पलीकडे जाऊन परत येणं कायद्यात बसतं का? तिकडे गेल्यावर नवीन व्हिसा आलाच नाही तर पोरगा कुठे जाणार? आणि हे पैसे घालावेत का? व्हॉट्सॲप कॉल तिकडे लागत नाही, बोटिम ॲपवर बोलतो आम्ही, परवा बोलताना मागे पडदा दिसत होता बेडचा आणि तो कुजबुजत होता, वरच्या बेडवरचा माणूस रात्रपाळीहून येऊन झोपलाय म्हणाला. एवढ्याशा जागेत आहे माझा भाऊ. आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही.

देरा_ते_दापोली

ताई, मी दुबईत १४ वर्षं आहे, त्यातली ६ एका टायपिंग सेंटरमध्ये गेली, म्हणजे दिवसभर हेच व्हिसाचे कागद, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न. पलीकडे जाऊन नवीन व्हिजिट घेऊन येणं बेकायदा नाही. हजारो लोक करतात, २०२२ च्या डिसेंबरमध्ये देशाच्या आत बसूनच नवीन व्हिजिट करून घेण्याची सोय बंद केली तेव्हापासून तर बसवाल्यांचा धंदाच झाला त्यावर. पण ते व्हिजिट आहे, फिरायला आलेल्या माणसाचा कागद. त्यावर नोकरी शोधत फिरला तर कोणी धरत नाही, त्यावर काम केलं तर तो गुन्हा आहे. सुपरवायझर जे म्हणाला ना, तोवर साइटवर ये, तिथेच माझा जीव दचकला. पगार मिळो न मिळो, हातात पाना धरून साइटवर सापडला तर इन्स्पेक्टर हात बसवतोय की काम करतोय हे विचारत नाही. २०२४ मध्ये कायदा कडक झालाय, परमिटशिवाय माणूस ठेवणाऱ्या कंपनीला १ लाख ते १० लाख दिरहम दंड. कंपनी दंड भरेल किंवा पळेल, पोरगा मात्र डिपोर्ट होऊन येईल. आजच्या आज त्याला सांगा, साइटवर पाऊल टाकू नको.

दुसरी गोष्ट, जी एजंट कधीच सांगत नाही कारण त्यात त्याला काही सुटत नाही. कंपनीला तो खरंच हवा असेल तर त्याला बाहेर जायची गरजच नाही. कंपनी इथल्या कामगार मंत्रालयात, मोहरे म्हणतात इकडे, ऑफर टाकते, मुलगा सही करतो, वर्क परमिट मंजूर होतं, एंट्री परमिट निघतं आणि व्हिजिटवर असलेल्या माणसाचं देशातच स्टेटस चेंज होतं, म्हणजे बाहेर न जाता व्हिजिटवरून कामाच्या व्हिसावर येतो. मग मेडिकल, मग एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र. आणि हा सगळा खर्च कंपनीचा, कामगाराकडून तो घेता येत नाही, इथल्या २०२१ च्या कामगार कायद्यातच लिहिलंय तसं. "आधी नवीन व्हिजिट घेऊन ये मग बघू" याचा अर्थ मी तरी एवढाच काढतो की त्यांनी अजून काहीच टाकलेलं नाही.

म्हणून आधी हे करा. भावाला सांगा ऑफर लेटर माग, तोंडी नको, व्हॉट्सॲपवरचा फोटो नको. खऱ्या ऑफरवर मंत्रालयाचा ट्रान्झॅक्शन नंबर असतो, तो त्यांच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर टाकला की कंपनीचं नाव, पद, पगार सगळं समोर येतं. अरबी-इंग्रजीच्या जोडीला हिंदीतही मिळते ऑफर. नंबर मिळाला तर मला कळवा, पुढचं सांगतो.

दिवस नीट मोजा हेही सांगायचं राहिलं. ६० दिवस उतरला त्या दिवसापासून, तो दिवस धरून. पूर्वी वर १० दिवस सवलत मिळायची, ती २०२३ मध्ये गेली. आता मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोजचे ५० दिरहम.

गुहागर_सात

एवढं घाबरवू नका हो त्यांना. मी स्वतः ओमानची बस दोनदा केलीय, २०२३ मध्ये, आणि तिसऱ्या महिन्यात नोकरी लागली, आज स्टोअरकीपर आहे. घरी परत गेलो असतो तर पुन्हा यायला एक-दीड लाख लागले असते ते कोणी दिले असते?

बसचं सांगतो कसं असतं. संध्याकाळी दुबईतल्या देरा भागातून सुटते, हत्ताच्या बाजूने बॉर्डर. ओमानचा व्हिसा आधी काढावा लागतो आपल्या पासपोर्टला, तो एजंटच काढतो. यूएईच्या चौकीवर उतरून लाईन लावायची, ३५ दिरहम एक्झिट फी, शिक्का, परत बस, मग ओमानची चौकी, तिथे परत उतरायचं. बसमधे सगळे आपल्यासारखेच, कोणी केरळचा कोणी नेपाळचा कोणी फिलिपिनो, कोणी जास्त बोलत नाही. हॉटेल म्हणजे चौघांत एक खोली. सकाळपासून प्रत्येकजण मोबाईल उलटा सुलटा करत बसतो आणि कोणाचा व्हिसा आला की तो हळूच बॅग भरतो, ओरडत नाही, बाकीच्यांचा आलेला नसतो ना. माझा पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी दुपारी आला, दुसऱ्या वेळी चार दिवस लागले आणि जास्तीच्या रात्रींचे पैसे मीच भरले, ते पॅकेजमध्ये धरलेले नव्हते.

एवढंच म्हणणं आहे की अशक्य नाही. पोरगा मेहनती असेल तर अजून दोन महिने म्हणजे खूप मोठी संधी असते.

देरा_ते_दापोली

@गुहागर_सात भाऊ तुमचं झालं चांगलं, मनापासून आनंद आहे. पण तुम्ही गेलात तेव्हा जास्तीच्या रात्रींचं हॉटेल भरायला खिशात पैसे होते. यांच्याकडे ते बचत गटाचे आहेत. आणि २०२३ आणि आता यात फरक पडलाय, २०२४ पासून परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग किंवा राहण्याचा पत्ता आणि हातात पैसे दाखवायला सांगतात, महिन्याच्या व्हिसाला ३००० दिरहम, त्याहून मोठ्या व्हिसाला ५०००. प्रत्येकाला विचारतातच असं नाही पण विचारलं आणि नसले तर तिथूनच मागे. १४०० मध्ये हे धरलेलं नाही.

आणखी एक मधला मार्गही आहे, देशाबाहेर न जाता आहे तोच व्हिजिट ३० दिवस वाढवून मिळतो, २०२३ पासून ती सोय परत आहे. पैसे लागतात पण प्रवास नाही, बॉर्डर नाही, अडकायची भीती नाही. खरी ऑफर हातात असेल आणि कागद व्हायला आठ-दहा दिवस कमी पडत असतील तर तेवढ्यापुरतं मी म्हणेन वाढवा. नुसत्या आशेवर नको.

म्हसळ्याची_ताई

हर्णैची लेक, तुझं वाचून मला माझे मागच्या वर्षीचे दिवस आठवले म्हणून लिहितेय.

माझ्या मिस्टरांनी ए टू ए केलं होतं. एजंटने सांगितलं सकाळी जायचं, चार-पाच तास बसायचं, रात्री जेवायला परत देरात. विमान तासाभराचं. गेले. शेजारच्या देशाच्या त्या विमानतळावर ट्रान्झिटमध्येच बसायचं असतं, बाहेर पडता येत नाही कारण त्या देशाचा व्हिसा आपल्याकडे नसतो. इकडे यूएईचं एक्झिट झालेलं. म्हणजे माणूस मागेही नाही आणि पुढेही नाही.

संध्याकाळ झाली, व्हिसा आला नाही. एजंट म्हणे सिस्टीम स्लो आहे. रात्र झाली. मग म्हणे नावात प्रॉब्लेम आहे, तुमच्यासारखंच नाव असलेल्या दुसऱ्या कोणावर काहीतरी केस आहे, ते क्लिअर व्हायला वेळ लागतो. आता आमच्याकडे तीच चार-पाच नावं अख्ख्या मोहल्ल्यात फिरतात, आजोबाचं नातवाला. ३१ तास ते खुर्चीवर होते. हातातले दिरहम तिथल्या दुकानात चालत होते पण एक सँडविच घ्यायचं तर दहादा हिशोब, म्हणून त्यांनी पाण्यावर आणि ते गावाहून निघताना मी बांधून दिलेल्या सुक्या खाऊच्या डब्यावर काढले दोन दिवस, डबा दुबईला आल्यापासून त्यांनी पुरवून पुरवून ठेवला होता, वास यायला लागला होता म्हणे तरी खाल्ला. मी इकडे नमाजाच्या चटईवरून उठत नव्हते.

३१ तासांनी व्हिसा आला. अल्लाचे उपकार. पण त्यांच्या शेजारी बसलेल्या मुलाचा रिजेक्ट झाला, त्याला तिथूनच भारतात यायचं तिकीट काढावं लागलं, आणि त्याचं सगळं सामान देरातल्या खोलीवर राहिलं. कपडे, सर्टिफिकेटं, सगळं.

म्हणून एक सांगते, कुठलाही मार्ग घेतलात तरी भावाला सांग मूळ सर्टिफिकेटं आणि दोन जोड कपडे अंगाबरोबर ठेव. खोलीवर काही ठेवू नको जे परत आणायला कोणी नाही.

हर्णैची_लेक

ताई वाचून डोळ्यांत पाणी आलं. भावाला लगेच मेसेज केला सर्टिफिकेटांचा, ती खोलीवरच्या पेटीत ठेवली होती त्याने, कुलूपही नव्हतं.

देराच्या दादांनी सांगितलं तसं ऑफर लेटरचं विचारायला लावलंय. सुपरवायझर म्हणाला देतो उद्या.

अजून एक विचारायचं होतं. एजंट आज फोनवर म्हणाला की वेळेत बाहेर नाही पडला तर तो भावावर फरार म्हणून केस टाकेल. असं करू शकतो का तो? आवाज चढवून बोलला माझ्याशी.

देरा_ते_दापोली

करू शकतो ताई. व्हिजिट व्हिसा इथल्या ट्रॅव्हल एजन्सीच्या नावावर निघतो, म्हणजे त्या माणसाची जबाबदारी तिच्यावर असते. आलेला माणूस मुदत संपून राहिला तर तिचे पुढचे व्हिसे अडकतात म्हणून या एजन्सी चार-पाच दिवसांतच ॲब्सकाँडिंग, म्हणजे फरारीची केस, टाकतात, आणि ते काढायला दंडाच्या वर हजारो दिरहम मागतात. नाव काळ्या यादीत गेलं तर पुढे खरी नोकरी मिळूनही येता येत नाही. मुदत संपायच्या आत तो बाहेर पडला किंवा मुदत वाढली तर मात्र यातलं काही नाही. एजंट मुदतीच्या आत धमकी देतोय ती बसचं पॅकेज खपवायला.

बुर दुबईला आपल्या वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथे फुकट सल्ला मिळतो, ऑफर खरी की खोटी तेही बघून सांगतात. भावाला उद्या तिकडे जायला सांगा, देराहून अब्रा, म्हणजे खाडीतली होडी, पकडली की १ दिरहममध्ये खाडीपलीकडे.

बाणकोटचे_काका

बाय, मी आता ६१ वर्षांचा आहे आणि गावी आंब्याची कलमं बघतो. हल्लीचे नियम या देराच्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, त्याचं ऐक. मी तुला जुनं सांगतो, कारण बॉर्डर ओलांडून बसणं म्हणजे काय हे मी जेवढं बघितलंय तेवढं देव करो आणि तुझ्या भावाला बघायला न लागो.

आमच्या वेळी ओमान नव्हता, किश होतं. इराणचं बेट आहे, दुबईहून विमानाने पाऊण तास. तिथे १४ दिवस बिनाव्हिसा राहता यायचं, म्हणून दुबईचा व्हिजिट संपला की सगळी फौज किशला. मी २००६ साली गेलो. विमान छोटं, पंखेवालं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १० फेब्रुवारी २००४ ला, किशहून येणारं विमान शारजाला उतरताना पडलं होतं, ४६ माणसांतली ४३ गेली. विमानात बसताना प्रत्येकाच्या मनात तेच होतं, कोणी बोललं नाही. बरोबर फिलिपिनो बायका होत्या त्यांना चढतानाच डोकं झाकायला काळं कापड दिलं.

मला सांगितलं होतं तीन दिवस. मी २३ दिवस राहिलो. १४ दिवसांनी मुदत वाढवून घ्यावी लागली, त्याचे पैसे वेगळे. खोलीत सहा खाटा. रिसेप्शनवर फॅक्स मशीन होतं, व्हिसा त्यावर यायचा, मग तो पोरगा कागद काउंटरवर ठेवायचा आणि नाव वाचायचा, आमची नावं त्याच्या तोंडात बसत नसत, म्हणून आम्ही सगळेच उठून बघायला जायचो. दिवसातून तीन वेळा. मशीनचा तो कागद ओढण्याचा आवाज झोपेतही ऐकू यायचा. मी नेलेली कुळथाची पिठी नवव्या दिवशी संपली. मग ब्रेड आणि अंडं, एक वेळ.

संध्याकाळी पश्चिमेच्या किनाऱ्यावर चालत जायचो. तिथे एक जुनं ग्रीक जहाज आहे, १९६६ साली रुतलेलं, ते तसंच उभं आहे गंजून, काढायला गेले पण निघालं नाही म्हणतात. आमच्यातले पन्नास साठ जण रोज संध्याकाळी वाळूत बसून त्या जहाजाकडे बघायचे. मी बाणकोटच्या खाडीवर वाढलेला माणूस, गाळात बसलेली बोट भरतीला उचलते हे मला ठाऊक. ते जहाज ४० भरत्याओहोट्यांचं नाही तर ४० वर्षांचं रुतलेलं होतं आणि त्याच्याकडे बघून माझ्या पोटात कालवायचं.

एक आंध्राचा मुलगा होता, त्याला ५० वर दिवस झाले होते. त्याच्या सावकाराचं व्याज रोज चढत होतं. तो घरी फोनच करत नव्हता, फोन केला तर पैशाचं विचारतील म्हणून. बाय, मला या सगळ्या गोष्टीत तेच सगळ्यात जास्त लागलेलं आहे. पैसे नव्हते म्हणून परत येत नव्हता असं नाही, आम्ही वर्गणी काढून तिकीट देतो म्हणालो होतो. घरी कसं तोंड दाखवू म्हणून तो तिथे बसला होता.

माझा व्हिसा आला, मी परत गेलो, नोकरी लागली, ११ वर्षं केली, घर बांधलं. २००८ मध्ये जुलै संपता संपता नियम बदलले, बाहेर गेलेल्याने महिनाभर थांबायचं असं आलं, आणि तेव्हा किशवर जे अडकले त्यांचे हाल आम्ही दुबईत बसून ऐकायचो.

तुझा भाऊ २४ चा आहे. परत आला तर काय होईल गो? पाटल्या सुटायला दोन वर्षं जास्त लागतील. पण त्याला फोनवर तूच आधी म्हण, परत ये, आम्ही कोणी काही बोलणार नाही. तो ते आपणहून विचारणार नाही. आणि आईला सांगून टाक, तिला कळलेलंच असतं.

मालवणी_वारो

काकांनु, तुमचा वाचून गप बसलंय. ह्या सगळा गावागावात वाचूक होया.

गुहागर_सात

काकांचं वाचल्यावर माझं म्हणणं थोडं बदललं, प्रामाणिकपणे सांगतो. माझ्याबरोबर बसमध्ये जे बावीस-तेवीस जण होते त्यातल्या किती जणांना पुढे नोकरी लागली मला माहीतच नाही. मी मला लागली तेवढंच बघत होतो.

हर्णैची_लेक

सगळ्यांना, थोडा उशीर झाला कळवायला.

सुपरवायझरने दोन दिवस उद्या उद्या केलं आणि मग एक टाइप केलेला कागद पाठवला, कंपनीचा शिक्का आहे पण कुठेच नंबर नाही. भाऊ तो कागद घेऊन अब्राने पलीकडे सहायता केंद्रात गेला, तिथल्या बाईंनी बघितल्या बघितल्या सांगितलं याला काही अर्थ नाही, मंत्रालयाचा नंबर आण. तो मागितल्यावर सुपरवायझर फोन उचलत नाही. आणि मग खोलीतल्याच एका यूपीच्या मुलाने सांगितलं की त्याने त्याच माणसाकडे व्हिजिटवर २२ दिवस साइटवर काम केलं, एक पैसा मिळाला नाही, तक्रार कुठे करणार, काम करायची परवानगीच नव्हती. तो इतके दिवस बोलला नव्हता कारण त्याला लाज वाटत होती.

काकांचं लिहिलेलं मी भावाला पाठवलं नाही, मी त्याला फोनवर वाचून दाखवलं. जहाजाचं आलं तेव्हा तो म्हणाला थांब जरा. मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, ताई आईच्या पाटल्यांचं काय. मी म्हटलं परत ये, कोणी काही बोलणार नाही. रडला तो, मीही.

आईला संध्याकाळी सांगितलं. ती ओट्यावर बसून सुकी कोलंबी निवडत होती, हात थांबला नाही तिचा. म्हणाली मला शिमग्यालाच कळलं होतं, पोराचा आवाज खाली गेला होता. बाबा म्हणाले ताजा मावरा आणून ठेवतो.

तिकीट मुदत संपायच्या आदल्या दिवशीचं काढलंय, परतीचं जे एजंटने दिलं होतं त्याचीच तारीख बदलून. मुंबईला रात्री उतरेल, सकाळची मांडवी एक्स्प्रेस पकडून खेडला आणि तिथून एसटी.

एक चांगली गोष्ट पण झाली. दुसऱ्या एका लहान कंपनीत त्याने आधी सीव्ही दिला होता, त्यांचा फोन आला, प्रॅक्टिकल घेतलं, गॅस भरून दाखवायला लावला. ते म्हणाले आमचा कोटा, म्हणजे नवीन माणसं घ्यायची परवानगी, पुढच्या महिन्यात मंजूर होतोय, तू गावी असलास तरी चालेल, ऑफर तिकडेच पाठवू. खरं असेल का देव जाणे. देराचे दादा, गावी असताना असा व्हिसा येतो का?

देरा_ते_दापोली

येतो ताई, तोच तर सरळ रस्ता आहे. कंपनी ऑफर मेल करेल, नंबर असेल, तो तपासायचा, सही करून पाठवायची, एंट्री परमिट आलं की तिकीट. दुबईत बसून असायची काही अट नाही. कंपनीने त्या कामासाठी एक रुपया मागितला तर मला कळवा. आणि भारतातला कोणी एजंट मध्ये आला तर तो ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या भारत सरकारच्या पोर्टलवर, नोंदलेला आहे का बघा, नोंदलेल्यालाही ३० हजार आणि वर जीएसटी याच्यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. मधल्या वेळात आयटीआयचं सर्टिफिकेट अटेस्ट करून ठेवा, स्किल्ड कामाला कंपन्या मागतात बऱ्याचदा आणि ऐन वेळी त्यातच महिना जातो.

म्हसळ्याची_ताई

खूप बरं केलंत. एजंटने सुरुवातीला डिपॉझिट म्हणून काही घेतलं होतं का आठव. आमच्याकडून घेतलं होतं, माणूस वेळेत बाहेर पडला की परत द्यायचं असतं, पण मागितल्याशिवाय देत नाहीत.

हर्णैची_लेक

हो घेतलंय! पावतीवर "सिक्युरिटी" म्हणून १५ हजार वेगळे लिहिलेत, मला वाटलं तो व्हिसाचाच भाग आहे.

देरा_ते_दापोली

मग त्या पावतीचा फोटो आत्ताच काढून ठेवा. भावाला सांगा विमानतळावर इमिग्रेशन झालं की बोर्डिंग पासचा आणि एक्झिटचा शिक्का मारला तर त्या पानाचा फोटो काढ, स्मार्ट गेटने गेला तर शिक्का नसतो, मग बोर्डिंग पास फाडून टाकू नको. घरी पोचल्यावर दोन-तीन दिवसांनी व्हिसाचं स्टेटस ऑनलाइन बघा, पासपोर्ट नंबर टाकला की दिसतं, तिथे बाहेर पडल्याची नोंद आली की तो स्क्रीनशॉट आणि पावती घेऊन एजंटकडे जा. एकटी जाऊ नका, बाबांना किंवा बचत गटातल्या दोघीतिघींना बरोबर घ्या.